ओलेथाचं नाव गाळून

लार्क हिल, अलाबामा
३ मार्च

चि. थेरॉन यास आजी अर्डेलियाचे आशीर्वाद. वि. वि.

तुला आठवत नसेल म्हणून आधी ओळख सांगते. मी तुझ्या आईची आई. चर्चच्या मागच्या रस्त्यावर हिरव्या छपराचं घर आहे, तिथे तू लहानपणी गुडघे फोडलेस आणि माझ्या ताटातलं चिकन पळवलंस. आठवलं तर उत्तम. नसेल आठवत तर हे पत्र शेजाऱ्याला दे, तो तरी उत्तर लिहील.

मी सांगते आणि शेजारची व्हर्लीन लिहिते, नेहमीसारखंच. स्कूलबस चालवणं सोडल्यापासून तिला कुणावर तरी ओरडायला लागतं, ती हौस ती माझ्या मांजरावर भागवते. फोन मी उचलत नाही, कारण फोनवर तू माझ्याशी बोलताना आणखी दोघांशी बोलत असतोस.

तिने मला मासिकातला तुझा फोटो दाखवला. सदऱ्याला गुंड्या नव्हत्या. एवढं नाव झालं, एखादी गुंडी परवडू नये? त्यात छापलंय म्हणे की तू आपल्या काळ्या लोकांच्या सोल गाण्यांत बँजो घातलास, बँजोत चर्च घातलं, चर्चमध्ये यंत्र घातलं, आणि असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं. आमच्याकडे रविवारचं उरलेलं सगळं सोमवारी एका पातेल्यात जातं. त्यासाठी माझा फोटो कुणी काढला नाही.

ऑक्टोबरात तुझ्या आईला, माझ्या ओलेथाला, मातीत ठेवलं तेव्हा तू आलास. म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत आलास. शवपेटीचं झाकण लागलं, मी कण्हायला सुरुवात केली, तेव्हा तुझी मान खाली होती. मला वाटलं, पोरगं रडतंय. व्हर्लीन म्हणते, हातात फोन होता. मी म्हटलं, विमानाची वेळ बघत असेल. आई काय, थांबते. विमान थांबत नाही.

नवा अल्बम कुठवर आला, असं चर्चमधल्या बायका विचारतात. मी सांगते, त्यालाच विचारा, माझी त्याची फारशी ओळख नाही.

माया आहे. किती, ते तुझ्या उत्तरावर.

तुझी आजी
अर्डेलिया

*

लॉस एंजेलिस
२२ मार्च

ती. आजीस थेरॉनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो आणि मग बराच वेळ हसलो नाही. गुंड्यांचा निरोप शिंप्याला दिला आहे.

आजी, तुला सगळं माहीत नाही. पहिल्या अल्बमला लोकांनी डोक्यावर घेतलं. दुसरा सोलवाल्यांना फार गावठी वाटला, गावठी गाण्यांवाल्या गोऱ्यांना फार काळा. तिसरा कुणी ऐकलाच नाही. कंपनीने स्पष्ट सांगितलंय की हा चौथा शेवटचा. हा पडला की मी पुन्हा लग्नांत दुसऱ्यांची गाणी गाणार.

आता खरं सांगतो. त्या दिवशी मी वेळ बघत नव्हतो. तुझं कण्हणं फोनमध्ये उतरवून घेत होतो. का, ते मलाही तेव्हा कळलं नाही. हिवाळाभर मी तेच ऐकत होतो. त्याच्यासमोर माझं सगळं गाणं खोटं वाटतं. म्हणून अल्बममधलं मुख्य गाणं मी त्याच्यावर उभं केलं आहे. खाली ड्रम, बाजूला बँजो, मधे तू. स्टुडिओत ऐकून माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहतात.

तू हो म्हण. तुझी वेळ येईल तेव्हा मी असा कण्हेन की अख्खी लार्क हिल उठून उभी राहील. पण आत्ता हो म्हण.

व्हर्लीनमावशीला नमस्कार. लोभ कमी करू नकोस.

तुझा
थेरॉन

*

लार्क हिल
९ एप्रिल

चि. थेरॉन यास आशीर्वाद. वि. वि.

माझ्या वेळेची तुला एवढी घाई आहे हे वाचून बरं वाटलं. इतक्या आपुलकीने मरणाचं आमंत्रण मला अजून डॉक्टरनेही दिलं नव्हतं.

उत्तर, नाही.

कण्हणं म्हणजे काय ते तुला मी मांडीवर घेऊन शिकवलंय, पण तिकडच्या उन्हात वितळलेलं दिसतं. झाकण लागलं की चर्चमधली सगळ्यांत म्हातारी मदर, म्हणजे जिला चर्चने आईचा मान दिलाय ती, कण्हते. शब्द नसतात, कारण शब्द सैतानालाही समजतात. आणि शेवटी गेलेल्याचं नाव एकदाच पुकारायचं. नाव ऐकलं की तो उठून चालायला लागतो. नाही पुकारलं तर तिथेच बसून राहतो, मला न्यायला कुणी आलं नाही म्हणून. माझी आई हेच करत होती, तिची आईही. तिघींपैकी एकीलाही अक्षर आलं नाही, पण आम्ही एकही माणूस अर्ध्या वाटेत सोडला नाही.

ते कण्हणं ओलेथाला पोचवायला होतं. तुझ्या कंपनीला वर काढायला नव्हतं. तुझं गाणं खोटं वाटतं म्हणतोस, तर खरं गा. आई तुझी मेली, गळा तुला दिलाय. स्वतःच्या तोंडाने रड की! आयत्या बिळावर नागोबा होऊन बसू नकोस.

माझ्या ओलेथाचं नाव बाजारात मांडायचं नाही. व्हर्लीनला हे जाड अक्षरात लिहायला सांगितलंय.

गुंड्या लावल्यास हे चांगलं केलंस. राग आहे, पण तुझ्यासाठीच राखून ठेवलेला आहे, दुसऱ्या कुणाला देत नाही.

तुझी आजी

ता. क. मी व्हर्लीन. सांगितलं ते सगळं लिहिलं, दोन शिव्या गाळल्या. बाळा, तिचं ऐक.

*

लॉस एंजेलिस
१८ जुलै

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. अल्बम बाहेर आला आहे, आणि ते गाणं देशभर वाजतंय. वीस वर्षांत असं काही ऐकलं नाही, असं जाणकार लिहितात. मोठ्या बक्षिसासाठी माझं नाव गेलं आहे. लग्नांत गायची वेळ आता येणार नाही.

तुझा शब्द मी मोडलेला नाही. नाव बाजारात नको म्हणालीस, म्हणून नाव काढलं. तू 'ओलेथा' पुकारतेस तो तुकडा कापला आणि नेमक्या त्याच जागी माझा आवाज सुरू होतो. आता ते कण्हणं कुणा एकीसाठी राहिलं नाही, सगळ्यांचं झालं. आणि आईचं नाव सोबत पाठवलेल्या अल्बमच्या पाकिटावर आत छापलं आहे, तुझ्या नावाखाली, सुरेख अक्षरांत. कुणीही वाचू शकतं.

सप्टेंबरात बर्मिंगहॅमला कार्यक्रम आहे. गाडी पाठवतो. पांढरा पोशाख आणि पांढरे हातमोजे घालून ये, चर्चमध्ये घालतेस तेच. तू नुसतं स्टेजवर उभं राहायचंस, आवाज यंत्रातून येईल. तुला काही करावं लागणार नाही.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझा
थेरॉन

*

लार्क हिल
३० सप्टेंबर

थेरॉनला अर्डेलियाचं पत्र.

तुझी गाडी आली होती. ड्रायव्हरला आइस्ड टी दिला आणि रिकामी परत पाठवली. मुलगा सभ्य होता, त्याने शर्टाच्या सगळ्या गुंड्या लावल्या होत्या.

तुझं पत्र व्हर्लीनने मला आल्या दिवशीच वाचून दाखवलं. नंतर अल्बमचं पाकीट उघडून तिने माझं बोट धरलं आणि तुझ्या त्या सुरेख अक्षरांवर ठेवलं. मला मुंग्यांची रांग दिसली. तिला विचारलं, यातली माझी लेक कुठली? ती बिचारी चूल विझवायला म्हणून आत गेली. चूल पेटलेलीच नव्हती.

कुणीही वाचू शकतं म्हणतोस. जिच्याकडून घेतलंस ती सोडून, एवढं पुढे लिहायला हवं होतंस.

गाणं मी पार्लरमध्ये ऐकलं. डोकं बेसिनमध्ये होतं. केस धुणारी बाई माझ्या टाळूवर बोटांनी ठेका धरून म्हणाली, या गाण्यावर पाय थांबतच नाहीत. मी माझ्या मेलेल्या पोरीसाठी कण्हत होते आणि तिचे पाय थांबत नव्हते. आमच्यात मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ होऊन गेले. त्यावर नाच बसवणारा तू पहिला. खरंच, आजवर कुणाला सुचलं नव्हतं.

तरी तेव्हा मी तुला पत्र घातलं नाही. म्हटलं, जाऊ दे, ओलेथा पोचली आहे. तिचं नाव मी तिच्या समोर पुकारलंय, ते कात्रीने कापलं जात नाही.

पण गेल्या शनिवारी मोझेलला पुरलं. मोझेल तुला माहीत आहे, तुला पोहायला शिकवणारी, एका डोळ्याने अधू. मरायच्या आधी तिने माझा हात धरला आणि नीट कण्ह म्हणाली, घाई करू नकोस म्हणाली. झाकण लागलं. मी उभी राहिले आणि सुरू केलं.

मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. तुझ्या ठेक्यात. मोझेलचीच नातवंडं आणि त्यांचे मित्र. काहींनी फोन वर धरले. त्यांनी टवाळी केली नाही, हे तुला सांगते. त्यांना वाटलं, म्हातारीने गाणं म्हणायला घेतलं. मी नाव पुकारायला श्वास घेतला, आणि त्या जागी सगळी पोरं एका आवाजात तुझी ओळ गायला लागली. तिथे तुझाच आवाज सुरू होतो ना? तेवढंच त्यांना माहीत आहे. तिथे नाव असतं हे त्यांना कुणी ऐकवलंच नाही.

मोझेलचं नाव माझ्या तोंडात राहिलं. एकदाच पुकारायचं असतं, आणि त्याची वेळ गेली. तिची मुलगी माझ्याकडे बघत होती, पुढे काय म्हणून. मी खाली बसले. बाहेर माती टाकली तेव्हा पाऊसही नव्हता, साधं ऊन होतं, आणि मोझेल कुठेही गेलेली नव्हती.

रविवारी मी मदरच्या मानाचे पांढरे हातमोजे रेव्हरंडना परत दिले. ते म्हणाले, मदर, पोरांना समज देतो. मी म्हटलं, समज त्यांना देऊन काय उपयोग. आता लार्क हिलमध्ये कण्हणं बंद. जिथे नाव पुकारायचं ती जागाच तू भरून टाकलीस. ज्याला जायचं असेल त्याने आपापली वाट शोधावी, मलासुद्धा.

बक्षीस तुला मिळेल असं व्हर्लीन म्हणते. मिळू दे. मी खोटं बोलत नाही, गाणं चांगलं आहे. मी ते पुरतं ऐकलं. ज्या कण्हण्याने तुला एवढं दिलं तेच तू विकून खाल्लंस, हे न कळण्याइतका तू मूर्ख नाहीस, आणि म्हणूनच तुला माफी नाही. मूर्ख असतास तर दिली असती.

(हे वाक्य मी दोनदा विचारून लिहिलं आहे. व्हर्लीन.)

माझ्या वेळी कण्हेन असं तू मार्चमध्ये लिहिलं होतंस. नको. रेव्हरंडना सांगून ठेवलंय. दारातून तुला कुणी हाकलणार नाही, पण पुढच्या, घरच्यांच्या बाकावर तुला बसवायचं नाही. तिथे व्हर्लीन बसेल आणि तिचं मांजराशी भांडण चालू असेल तर मांजरही.

आपल्याकडे मरणघरात घरचे चूल पेटवत नाहीत, दफनानंतरचं जेवण बाहेरचे आणतात. तू बाहेरच्यांत आहेस, तेव्हा तुझ्याकडून एक पदार्थ यायला हवा. बटाट्याचं सॅलड नको, परक्याच्या हातचं ते आमच्यात कुणी खात नाही. तळलेलं चिकन पाठव, दुकानातलं चालेल. आणि चिनी मातीच्या भांड्यात घालू नकोस, फेकून देता येईल अशा फॉइलच्या ट्रेमध्ये पाठव. भांडं परत करायला तुझ्या दारी कुणी येणार नाही.