ऐंशी नंबरवर कोण बसलंय?

सोमवार, ४ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणाऱ्यांच्या नोंदी असाव्यात.

काम असं: हिच्या शिवणक्लासची वेबसाइट. हिने क्लास घरातून हलवून बिल्डिंगच्या तळमजल्यावरची खोली भाड्याने घेतली आहे. नवी बॅच रविवारी सुरू. निदान दहा जणी आल्या नाहीत तर खोली सोडावी लागेल, असं ही म्हणते. मी म्हटलं, दहा काय, रांग लागेल.

मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने साइटचं नाव घेऊन ते आमच्या घरच्या कॉम्प्युटरला जोडून दिलं. उरलेलं पण करून देतो म्हणाला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, पुढचं मी बघतो. जन्मभर गोदाम सांभाळलं, एक सर्व्हर सांभाळता येणार नाही?

दुपारी पान तयार केलं. वेळ, फी वगैरे मजकूर ही देणार आहे. तोवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: ‘क्लास बंद आहे.’ खाली ‘व्यवस्थापक’ म्हणून माझं नाव. उद्घाटनाआधी शटर खाली असावं, ही माझी शिस्त. सर्व्हरमध्ये, म्हणजे साइट लोकांना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू व्हावे’ यावरही खूण केली. दूरदृष्टी.

मंगळवार, ५ मार्च, सकाळी

सर्व्हर सुरू करायचं बटण दाबलं. एक काळी खिडकी आली आणि गेली. बाकी काही नाही. पुन्हा दाबलं. आता मेसेज: पोर्ट ८० आधीच वापरात आहे.

मेहुण्याला सहज फोन केला. मदत म्हणून नव्हे. तो म्हणाला, पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं दार समजा, साइट बघणारे ऐंशी नंबरच्या दाराने येतात, आणि एका दारात एकच प्रोग्रॅम बसतो. म्हणजे गेट नंबर. एवढंच सांगायला त्याने पाव तास घेतला.

तर आपल्या गेटवर कोणीतरी ठाण मांडून बसलंय. बघतोच.

मंगळवार, संध्याकाळी

संशयित नंबर एक: हिचा कपड्यांचे नमुने काढायचा प्रोग्रॅम. सारखा इंटरनेटवर जातो. काढून टाकला. मेसेज तोच.

ही विचारत होती, स्क्रीनवरचं नमुन्यांचं चित्र कुठे गेलं. म्हटलं, देखभाल चालू आहे. ही वर्तमानपत्रावर पेन्सिलीने ब्लाउजचा गळा काढत बसली. हाताने काढलेलं जास्त चांगलं असतं, असं मी मुद्दाम म्हणालो.

बुधवार, ६ मार्च

मेहुण्याचा फोन. म्हणाला, भाऊजी, ब्राउझरमध्ये साइटचा पत्ता टाकून बघितलात का? म्हटलं, सर्व्हर सुरू झालेला नाही तर साइट काय बघू? ट्रक आत आलेला नसताना माल मोजायचा का? क्रम म्हणजे क्रम. तो म्हणाला, तरी एकदा बघा. या पिढीत धीर नाही.

मग म्हणाला, नाहीतर दुसरा पोर्ट द्या. साफ नकार दिला. दुसऱ्याने आपली जागा बळकावली म्हणून आपण मागच्या दाराने ये-जा करायची? तत्त्वाचा प्रश्न आहे.

पेंटरने तळमजल्यावर बोर्ड लावला. साइटचा पत्ता ठळक. ही बराच वेळ समोर उभी राहून बघत होती. खूश दिसली. मलाही बरं वाटलं.

गुरुवार, ७ मार्च, दुपारी

चोर सापडला. कॉम्प्युटरमध्ये चालू प्रोग्रॅमची यादी असते, त्यात गेटवर बसलेल्याचं नाव मिळालं. एच-टी-टी-पी-डी. नावात एक स्वर नाही. सरळ माणूस असं नाव ठेवत नाही.

उचलून बाहेर काढला. डोळ्याची पापणी लवेपर्यंत परत हजर. पुन्हा काढला. पुन्हा हजर. गोदामात असा एक हमाल होता, कितीदा काढला तरी सकाळी हजेरीच्या रांगेत पहिला. पण तो कामाचा तरी होता.

नक्की व्हायरस. बाहेरच्या देशातून कोणीतरी चालवतंय. मेहुण्याला सांगितलं नाही, उगाच घाबरेल.

गुरुवार, संध्याकाळी

ही म्हणाली, सोमवारपर्यंत रोज चौकशीचे फोन येत होते, सगळ्यांना साइटचा पत्ता दिला, मंगळवारपासून एकही नाही, बोर्ड लागल्यावरही नाही. पेंटरने नंबर चुकीचा लिहिला का, म्हणून खाली जाऊन बघून आली. नंबर बरोबर आहे.

मी म्हटलं, परीक्षांचे दिवस. आणि आजकाल शिवणार कोण, सगळे तयार कपडे घेतात. हे बोलायला नको होतं. ही उठून आत गेली. चिडलो तो खरं म्हणजे त्या एच-टी-टी-पी-डीवर.

शुक्रवार, ८ मार्च

कॉम्प्युटर बंद केला. वायर काढली. तासभर विश्रांती दिली. लावला. मी बसायच्या आत तो गेटवर बसलेला.

संताप आला. माझा कॉम्प्युटर, माझं टेबल, आणि मीच बाहेर? माउस आपटला. डावं बटण आता दोनदा दाबावं लागतं. कंपन्या हल्ली हलका माल बनवतात.

शनिवार, ९ मार्च

निर्णय: उद्या सकाळी कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्याने सगळं. उद्घाटनाआधी साइट चालू. शब्द म्हणजे शब्द.

हिने खालची खोली झाडली, मशिनींना तेल दिलं, खुर्च्या मांडल्या. मला विचारलं, साइट झाली ना? म्हटलं, झाल्यातच जमा.

रविवार, १० मार्च

पुसायला उशीर झाला, झोप लागली होती.

दहा वाजता खाली गेलो. खुर्च्या रिकाम्या. ही दारात उभी. साडेदहाला एक बाई आली, मागच्या बॅचची विद्यार्थिनी. मी लगेच खुर्ची पुढे केली. बसली नाही. म्हणाली, बाई, तुमची कात्री माझ्याकडे राहिली होती, ती द्यायला आले. क्लास बंद केलात ना, वाईट वाटलं. माझ्या नणंदेला आणि तिच्या मैत्रिणींना यायचं होतं.

हिने विचारलं, कोण म्हणालं बंद केला? तिने फोन पुढे केला. मोठी लाल अक्षरं. ‘क्लास बंद आहे.’ खाली माझं नाव. म्हणाली, मंगळवारपासून हेच दिसतंय.

हिने फोन माझ्यासमोर धरला. मग मेहुण्याला फोन लावला. त्याने कळवलं की गेटवर बसलेला तो एच-टी-टी-पी-डी म्हणजे आमचाच सर्व्हर.

रविवार, संध्याकाळी

मेहुणा आला, पान बदललं, गेला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

चौकशी केलेल्यांच्या सगळ्या नंबरांवर हिने स्वतः फोन केले. पाच जणी येते म्हणाल्या. उरलेल्यांनी दुसरीकडे नावं घातली आहेत. खोलीसाठी महिनाभर बघू म्हणते. माझ्याशी बोलत नाही. मी बोर्डाखाली खुर्ची टाकून बसलो आहे. हातात पुठ्ठा, त्यावर हिच्या अक्षरात: ‘क्लास चालू आहे.’

नोंदीसाठी एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. सर्व्हर पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला होता. हे हिला कधी सांगावं, ते ठरत नाही.