जागेवरून उठण्याबद्दल

प्रिय ठमे,

'प्रिय' लिहिलं ते सवयीनं. आज तू मला अजिबात प्रिय नाहीस. फोनच करणार होते, पण फोनवर तू नेहमीसारखं "ताई, आधी ऐकून तर घे" म्हणशील आणि मी लहानपणापासून ऐकून घेत आलेय तशी पुन्हा घेईन. म्हणून लिहितेय. या वेळी तू ऐकून घे.

तुमच्या अभ्यास कक्षाचा कार्यक्षमतेचा अहवाल आम्हाला गुरुवारी मिळाला आणि त्याच्या पाठोपाठ हुकूम आला, की घरून काम बंद, सोमवारपासून सगळ्यांनी कचेरीत हजर व्हायचं. मी तेव्हा बाबांना कुशीवर वळवून त्यांची चादर बदलत होते. हुकूम वाचून मनात आले ते बाबाच. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला दिवसभर घरात एकटं कसं ठेवायचं? दिवसाची बाई ठेवून पाहिली होती, तुला माहीत आहे. बाबांनी तिच्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही. ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहायचे, शेवटी तीच बिचारी कंटाळून गेली. तरी मी मनाला समजावलं, की वरून ठरलेलं आहे, ठमीनं थोडंच मुद्दाम केलंय, काढू काहीतरी मार्ग. मग मी अहवाल उघडला.

त्यात एक परिच्छेद आहे. "घरून काम करणाऱ्या एका ज्येष्ठ महिला कर्मचाऱ्याचे आठवडाभर प्रत्यक्ष निरीक्षण केले असता, त्या कामाच्या वेळेत घरगुती कारणांसाठी वारंवार जागेवरून उठत असल्याचे आढळले." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बये, त्या आठवड्यात तू बाबांना भेटायला आली होतीस ना? मी तर सगळ्यांना तसंच सांगत सुटले होते. तुझ्यासाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं केलं, स्वतः स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्यानं काम केलं. तू समोर टकटक करत बसायचीस आणि मला वाटायचं, किती ताण आहे पोरीला. भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून जपत होते मी.

घरगुती कारणं म्हणे. ते घरगुती कारण तुझेही वडील आहेत, ठमे. मी उठत होते ती त्यांची कूस बदलायला, हनुवटीवरची लाळ पुसायला, त्यांनी बोलावलं म्हणून. बोलावतात म्हणजे काय, चांगल्या हातानं पलंगाच्या कडेवर चमचा वाजवतात. पहिल्या दिवशी तो वाजला तेव्हा तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, तू उठतेयस. तू मान खाली घालून काहीतरी लिहिलंस. काय लिहिलंस ते मला गुरुवारी कळलं.

आणि आपल्याच घरात घरून कामाचं तुला इतकं वावडं कधीपासून? बाबांनी जन्मभर दुसरं काय केलं? पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, मागच्या खोलीत आपण. तुला ताप आला की ते उठायचे, तुझं गणित अडलं की उठायचे, शेजारच्या कुत्र्याला घाबरून तू रस्त्यात रडत उभी राहिलीस की गळ्यात टेप तशीच ठेवून पळायचे. तरी गिऱ्हाइकाचा कपडा कधी वायद्यापेक्षा उशिरा गेल्याचं मला आठवत नाही. तू तेव्हा त्यांचं निरीक्षण केलं असतंस तर त्यांचं मशीनच जप्त झालं असतं.

आता माझ्या कामाचं. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, कानाची यंत्रं मागणाऱ्यांचे अर्ज मी बघते. कचेरीत होते तेव्हा अर्ज माझ्या टेबलावरून साहेबांच्या टेबलावर जायचा तर मध्ये शिपाई रजेवर, साहेब बैठकीत आणि शिक्का कुलूपबंद कपाटात. घरी आल्यापासून आलेला अर्ज मी संध्याकाळपर्यंत मार्गी लावते. तू होतीस तेव्हाच, मी बाबांना भरवत असताना, एका आईचा फोन आला होता. तिच्या मुलीला जुनी खुर्ची लहान पडत होती, पाय जमिनीला घासून सोलवटले होते, आणि नव्या खुर्चीचा अर्ज डॉक्टरांच्या सहीसाठी अडकला होता. फोन खांद्यात धरून मी डॉक्टरांना गाठलं, सही मागवली आणि बाबांचं जेवण उरकायच्या आत मंजुरी पाठवली. ती बाई रडायला लागली तेव्हा तू माझ्यासमोर बसून चहा पीत होतीस. अहवालात मी ती बाई शोधली, सापडली नाही.

कौतुक मात्र आमच्या खांबाचं. खांब म्हणजे आमचे मुख्य लिपिक, हलत नाहीत म्हणून आम्ही त्यांना हे नाव ठेवलंय. सगळ्यांच्या आधी येतात, सगळ्यांच्या नंतर जातात आणि मधल्या वेळात त्यांच्या टेबलावर फायली म्हाताऱ्या होतात. त्यांची 'जागेवरील उपस्थिती अनुकरणीय' असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून कचेरीत हसून हसून लोकांची पुरेवाट झाली म्हणे. मला काही हसू आलं नाही.

सगळ्यांची वकिली मी करत नाही. घरून कामाच्या नावाखाली फोन उशाशी ठेवून घोरणारेही आमच्यात आहेत, आणि त्यांची नावं मी साहेबांना तोंडावर सांगितली आहेत. त्यांचे कान धरा, मी टाळ्या वाजवीन. पण त्यासाठी कुणाचं किती काम झालं ते बघावं लागतं. तुम्ही कोण किती वेळ बसलं तेवढं बघितलंत आणि मोकळे झालात.

नुसतं भांडायचं असतं तर मी हे लिहिलं नसतं, भांडण मला तोंडी जास्त चांगलं जमतं. हुकूम मी शेवटपर्यंत वाचला. अगदी खाली लिहिलंय, की अभ्यास कक्षाच्या कामाला एकांत लागत असल्यामुळे त्या कक्षातल्या अधिकाऱ्यांना घरून काम करण्याची मुभा राहील. म्हणजे तुला. म्हणून मी दवाखान्याची गाडी सांगितली आणि हे पत्र परिचारकाच्या हाती दिलं. तू हे दारात उभी राहून वाचत असशील, तर बाबा खाली गाडीत आहेत. मी एव्हाना कचेरीत जागेवर हजर असेन. आधी कळवलं असतं तर तू दौरा काढला असतास, म्हणून कळवलं नाही. औषधं पिशवीत आहेत, कधी काय द्यायचं ते परिचारक सांगेल. तुझ्या हातून ते पाणी घेतील, त्याची मला काळजी नाही. तुझ्याकडे जायचंय असं सांगितलं तर जीभ कशीबशी वळवून म्हणाले, "धाकटीकडे?" आणि गालावरून हात फिरवून दाखवला, दाढी करून दे म्हणून. करून दिली. अहवालाचं मी त्यांना काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय, तूच बोलावलं आहेस.

रागावलेली, तरीही तुझीच,
ताई