हलिमाच्या मक्याला दाणा नाही

मंगळवार, संध्याकाळ. जॉन्सनव्हिल.

आज जेवण गेलंच नाही. केनियातल्या आमच्या कालव्याचा शेवटचा व्हिडिओ कॉल होता. हलिमाचं शेत कालव्याच्या अगदी टोकाला. तिने मक्याचं कणीस सोलून कॅमेऱ्यासमोर धरलं, तर आत दाणाच नाही. "पाणी वरच्या शेतांतच संपतं," ती म्हणाली. माझ्या ड्रॉइंगमध्ये तर ते तिच्यापर्यंत पोचतं! हलिमा कॉलवरून गेल्यावर बॉस म्हणाला, "डिझाइन ओके आहे, सही करून टाक. स्वीट अ‍ॅज." म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. कसली सही? ते रिकामं कणीस डोळ्यांपुढून हलेना. तिच्या घरी वर्षभर खाणार काय?

बाबा शेजारी बसून ऐकत होते. पाटबंधारे खात्यात जन्म गेला त्यांचा. म्हणाले, "पाण्याची पाळी वरून लावलीस ना? शेवटच्या शेतापासून लाव. मग आपला नंबर लवकर यावा म्हणून वरचे शेतकरीच पाणी खाली पोचवतील."

मला का नाही सुचलं हे?

सही केली नाही. नवं वेळापत्रक करून हलिमाला पाठवलं. लगेच तिचं उत्तर आलं, "हे पीक तर गेलं. पुढच्या पेरणीला पहिलं पाणी माझं, असं लेखी द्या."

दिलं. बॉसला अजून सांगितलेलं नाही.