कानात सांगितलेलं नाव

रविवार, संध्याकाळ. माधव नगर, उज्जैन.

आज पुण्यात धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं झालं. मी इथूनच, फोनवर. ये म्हणाले होते, पण आग्रह नव्हता.

नाव सान्वी. संकेतचा स, अन्विताचं अन्वी. हल्ली असंच जोडतात म्हणे. बढिया आहे, पण नाव ठेवायचं आत्यानं ना? "ताई, तू फक्त कानात सांग," म्हणत संकेतनं फोन बाळाच्या कानाशी धरला.

मी लबाडी केली. मनात ठरवलेलं नाव सांगितलं, आपल्या नदीचं. शिप्रा. दोनदा. कानातलं कोणाला कळणार?

"ताई, तू म्यूटवर आहेस! स्पीकर लावतो, परत बोल."

परत बोलले. सान्वी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शिप्रा या खोलीतच राहिली, माझ्याजवळ.