पिंपळगाव समजून दिंडोरी

३ फेब्रु., सोम.
इंदिरानगरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पिंपळगाव आणि दिंडोरी, दोन्ही कोल्ड स्टोरेज जोडली. आनंद चहा निवेपर्यंतही टिकला नाही. दोन्हीकडच्या मशिनांचे नेटवर्क नंबर सेम टु सेम! एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर, टपाल जायचं कुठे? मालकांना, म्हणजे आप्पांना, पिंपळगाव लाभलं, म्हणून दिंडोरी दारापासून राउटरपर्यंत ‘डिट्टो तसंच’ करायला लावलं होतं. धन्य.

४ फेब्रु.
आप्पांना म्हटलं, दिंडोरीचे नंबर बदलू, अर्धा दिवस मशिन बंद ठेवावं लागेल. “अगं, द्राक्षं भरलीत तिथं. आता हात लावायचा नाही. सीझन उरकू दे.” तोवर जुगाड: एका वेळी एकच लाइन चालू.

७ फेब्रु., शुक्र.
मेले. पिंपळगावची खोली रिकामी, धुवायची होती. दिंडोरीची लाइन तोडली, पिंपळगावची जोडली, कूलिंग बंद केलं. डबा खाऊन येते तर दिंडोरी सांभाळणाऱ्या बाळूभाऊचा फोन. “मॅडम, मशिन बंद हाय, चेंबर लय गरम झालाय!”
मी कूलिंग बंद करायच्या आधीच पिंपळगावची लाइन गेली होती, राउटरनं आपोआप दिंडोरीची लावली होती. नंबर तोच. स्क्रीनवर नाव मात्र पिंपळगावचं. परदेशी जाणाऱ्या मालाचं कूलिंग मी तोडलं. परत चालू करताना पासवर्ड चुकत राहिला.

८ फेब्रु.
बाळूभाऊ म्हणतो, “मणी टणक हाय, पण देठ काळं पडाया लागलंय.” माल टिकला की नाही ते आता बोटीतच कळणार. नाही टिकला तर... लिहवत नाही.
आप्पांनी विचारलं, दिंडोरी कोणी बंद केली? मी गप्प. कॉम्प्युटरवर तर मी पिंपळगाव बंद केल्याचंच दिसतं. मग बाळूनंच बटण दाबलं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. स्वतःची किळस येते.

१० फेब्रु., सोम.
आप्पांनी बाळूभाऊला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो ऑफिसात आला, नेमका माझ्याचकडे. “तुमी तरी सांगा ना आप्पांला. म्या हात नाय लावला.” मी त्याला पाणी दिलं. पाणी!
तो गेल्यावर केबिनपाशी जाऊन परतले, पुन्हा गेले. शेवटी आत. “आप्पा, दिंडोरी मी बंद केली.” त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग, “उद्या बाळूला घेऊन ये. दोघांचं बघतो.”
घरी येऊन बाळूभाऊला फोन लावला. सगळं सांगितलं.
“तुमी?” एवढंच म्हणाला. फोन ठेवून दिला.