गोरज मुहूर्त आणि माझी सकाळ

मंगळवार, ४ नोव्हें.
आज आलं: माझ्या वेळेवर घ्यायच्या गोळ्या, महिन्याच्या, १,१४० (पालघरच्या दुकानात, दहा टक्के सोडले). गहू दहा किलो, ३८०. ऊस, चिंचा, आवळे, बोरं मिळून ७०. झेंडू शेजारच्या कुंडीतला, फुकट.

दिवस मावळताना तुळशीचं लग्न लावलं. ह्यांनी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं आमच्या लेकीने, गौरीने म्हटली. माझ्या पापण्या तोवर खाली आल्या होत्या. मान मागे टाकून पाहिलं तर दोन तुळशी, दोन बाळकृष्ण. दोन्ही जोडप्यांवर अक्षता टाकल्या. देवाला काय, कुठल्याही पोचल्या तरी त्यालाच.

परवा मुरबे गावची मंडळी येणार, गौरीचं ठरवायला. मुलगा हर्षल तिच्याच कंपनीत, लॅबमध्ये. घरची होडी आहे. वडील नाहीत. आई चंद्राबाई बाजारात मासळी विकतात. त्यांनीच दोन्ही मुलं शिकवली. आम्ही माळकरी, ते दर्यावरचे. ह्यांना आधी जड गेलं. मला नाही.

गुरुवार, ६ नोव्हें.
सकाळी अंगात जोर होता म्हणून सगळं स्वतःच करत सुटले. पुरणपोळ्या, मसालेभात, कोथिंबीर वडी. गौरी म्हणाली, "आई, संध्याकाळसाठी थोडी शिल्लक राहा." ऐकलं नाही.

मंडळी सहाला आली. चंद्राबाई, हर्षल, त्याचा मोठा भाऊ. माझी माळ माहीत, म्हणून शहाळी आणि घरची सुपारी आणली होती. चंद्राबाई दणकट बाई, आवाज बाजाराचा, डोळे हसरे. मला आवडल्या. पण हे त्यांना कळणार कसं. हसायला गेले की वरचा ओठ नुसता आखडतो, चिडल्यासारखं दिसतं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. चार शब्द बोलले ते नाकातून आले, मग गप्प बसले.

त्या म्हणाल्या, "होड्या दुपारच्या येतात. बायांचा माल विकून होयाला उशीर होते. लग्न गोरजावर ठेवू. माघात. काय विहीनबाय, चालेल ना?"

माझी मान खाली गेली. थकली की जाते, आपली आपण. त्यांना होकार वाटला. ह्यांनाही वाटला. पेढे वाटले गेले.

शुक्रवार, ७ नोव्हें.
सकाळ. डोळे लख्ख. पोथीचा अध्याय मोठ्याने वाचला, एकही शब्द घसरला नाही. आणि मग बसल्या बसल्या लक्षात आलं की मी काय करून बसले. गोरज म्हणजे दिवे लागायची वेळ. दिवसभर पाहुण्यांत उभं राहून, लग्न लागेतो मुलीच्या आईचा उपवास, त्यानंतर कितीही गोळ्या घेतल्या तरी त्या वेळी मला माझी मुलगी दिसायची नाही. दिसली तर दोन दिसतील, त्याही पुसट.

गौरीला सांगितलं. ती म्हणाली, "पण आई, तू हो म्हणालीस."
"मी नाही म्हणाले. मान म्हणाली."
दोघी हसलो. नंतर ती डबा भरून कामावर गेली.

हे म्हणतात, आता मुहूर्त बदला म्हटलं तर कारण विचारतील. कारण सांगितलं तर पुढचं विचारतील. "हर्षलला माहीत आहे ना, बास झालं. घरच्यांना लग्नानंतर कळेल हळूहळू."

शनिवार, ८ नोव्हें.
संकष्टी. नुसत्या पाण्यावर उपवास केला. गोळी दुधाबरोबर. देवाचं आणि माझं हे जुनं ठरलेलं आहे, औषधाचं दूध उपवासात धरायचं नाही. चंद्र गौरीनेच पाहून सांगितला. मी हात जोडले तिकडे.

मंगळवार, ११ नोव्हें.
गौरी कामावरून आली ती हसतच. हर्षलची आई घरी काय म्हणाली ते सांगत होती. "बाय वाईट नाय, पन आमच्या मासलीचा वास तिला सोसला नाय. डोले मिटून बसलेली. आमी आंघोली करून, नवी लुगडी नेसून गेलेलो."

सांगता सांगता तिचं हसू गेलं. माझंही. त्या बाईने माझ्यासाठी शहाळी निवडून आणली आणि मी तिच्यासमोर डोळे मिटून बसले. हर्षलने आईला खरं का नाही सांगितलं, विचारलं. तर तो गौरीला म्हणाला म्हणे, "तुझ्या आईंचा आजार आहे, मी परस्पर कसा सांगू?" पोरगा चांगला आहे. पण त्याच्या चांगुलपणामुळे मी गर्विष्ठ ठरले.

गुरुवार, १३ नोव्हें.
थंडी पडायला लागली. मला मानवते. उजाडायच्या आत अंगण, देवपूजा, दोन्ही वेळचा स्वयंपाक. भाकऱ्या थापताना हात थकले नाहीत. दुपारी जेवण निवांत चावून झालं. असा दिवस मिळाला की आणखी काही मागावंसं वाटत नाही.

आज सासूबाईंची आठवण आली. मला हे झालं तेव्हा मी अकरावीत. फळ्यावरची एक ओळ दोन दिसायला लागली. आधी चष्मा झाला, मग दृष्ट काढून झाली, केळव्याच्या देवीला ओटी झाली. वर्गात बाई म्हणायच्या, झोपाळू आहे. शाळा तिथेच सुटली. शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एका डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि बघता बघता दोन्ही पापण्या वर गेल्या. समोर माझे वडील, आण्णा उभे होते. एकच आण्णा. मायस्थेनिया ग्रेव्हिस, त्यांनी डॉक्टरांकडून नाव कागदावर लिहून घेतलं, तेवढं पाठ केलं. शरीर स्वतःच्याच ताकदीशी वैर धरतं, एवढंच त्यांना कळलं, आणि मलाही अजून तेवढंच कळतं.

मला बघायला आले तेव्हा आण्णांनी कांदेपोह्यांच्या आधीच सगळं सांगितलं. सासूबाईंनी एकच विचारलं, "सकाळी बरी असते ना? मग दोन्ही वेळचं सकाळीच करेल." तेच पुढे घराचं वळण झालं. त्या होत्या तोवर दिवेलागण त्यांची, आता गौरीची. ती सासरी गेली की ह्यांना शिकवायला हवी.

रविवार, १६ नोव्हें.
बोईसरच्या बाजारात गेले होते, रुखवताच्या सामानाला. एकटीच. सकाळीच परतायचं, पण दुकानात वेळ गेला. बाहेर आले तर ऊन चढलेलं. डावा डोळा मिटला, उजवाही निम्मा. रस्ता ओलांडता येईना. तशीच मासळीवाल्या बायांच्या कडेला भिंतीला टेकून उभी राहिले.

एक म्हातारी ओरडली, "गो बाय, पडशील. बस इथं." स्वतःचा पाट दिला. "डोल्याला काय झाला तुज्या?"
म्हटलं, "झाकतो. उन्हाने. गार लावलं की उघडतो."
"गार? गार काय कमी हाय का आमच्याकडं?"

पाटीतला बर्फाचा खडा घेतला, बाटलीतल्या पाण्याने धुतला, पदरात गुंडाळून दिला. मासळीचा वास येत होता. गळ्यात माळ, डोळ्यावर मासळीचा बर्फ. घटकाभर धरला. पापणी वर गेली.

म्हातारी वाकून वाकून बघायला लागली. शेजारणीला म्हणाली, "बघ गो, दुकानाचा शटर उघडला." दोघी हसल्या, मीही हसले, आणि बर्फाने की काय, हसू नीट आलं. मग सगळं विचारलं तिने, आणि मी सांगितलंही. अनोळखी माणसाला सांगायला किती सोपं जातं. रोजचं असतं का, दुखतं का, नवरा कसा वागतो.

उठताना विचारलं, मावशी कुठल्या.
"मुरब्याची. जानाबाय म्हन."
मी पुन्हा बसले. चंद्राबाईंना ओळखता का, विचारलं. "चंद्रा? माज्या दाराम्होरं तर ऱ्हाते. तिच्या पोराचा लगीन ठरला ना बोईसरला." माझ्याकडे बघितलं तिने. तिला कळलं.

"तू ती विहीन? जी डोले मिटून बसलेली?"
"तीच."
"मंग सांगत का नाय तिला?"
गोरजाचंही सांगितलं. ती म्हणाली, "मंग भांगातला दिस धरा. भांगात पान्याला जोर नसते, होड्या बंदरातच. बायांना बी काम नाय. सकालचा लगीन लावा नायतर दुपारचा, कोन नाय म्हनते? पन तुजा तूच सांग तिला. मी नाय बोलायची. चार दिस तरी नाय. पुढचा मला सांगता येत नाय, माज्या तोंडाचा काय भरोसा."

सोमवार, १७ नोव्हें.
ह्यांना बर्फाचं सांगितलं. आधी हसले. मग मुरब्याचं ऐकून पेपर बाजूला ठेवला.

"आता बाजारातून पोचणार तिथे. तिखटमीठ लागून."
"म्हणून आपण आधी सांगू."
"आणि त्यांनी विचारलं, मुलीलाही होईल का, तर?"

हीच खरी भीती. मला माहीत आहे, ह्यांनाही. डॉक्टर म्हणतात, हा आजार आईकडून मुलीकडे असा उतरत नाही, होईलच असं नाही, आणि कधीच होणार नाही असं कुणाच्याच बाबतीत सांगता येत नाही. पण गौरी जन्मली तेव्हा तिला दूध ओढता येत नव्हतं. रडायची तर आवाज मांजरीच्या पिलाएवढा. माझ्या रक्तातलं तिच्यात आलं होतं. तीनेक आठवडे चमच्याने पाजली, मग आपोआप गेलं ते गेलं. आज ती स्कूटरवर पालघरला जाऊन येते. तरी हे ऐकून एखादी आई मागे सरेल. मी तिला दोष देणार नाही.

ह्यांना म्हटलं, तेही लिहीन. अर्धं सांगून उपयोग नाही.
"आणि मोडलं तर?"
गौरी आतून म्हणाली, "बाबा, हर्षलच्या आईला न सांगता लग्नाला उभं राहायचं असेल तर मलाच नाही राहायचं."
ह्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "लिही. पण उद्या सकाळी. आत्ता लिहिलंस तर ओळी एकमेकींवर चढतील."

मंगळवार, १८ नोव्हें.
सकाळभर लिहीत होते. दोन कागद खराब. पहिल्यात माफी फार झाली, दुसऱ्यात देव फार झाला.

गौरी म्हणते, फोन कर. सकाळी त्या बाजारात, तिथल्या गोंगाटात काही ऐकू येत नाही. संध्याकाळी त्या मोकळ्या, तर माझा आवाज नाकात. दारू प्यायल्यासारखी वाटायची. मेसेज त्यांना हर्षल वाचून दाखवतो, आणि मला त्यांच्या चेहऱ्यासमोर त्यांचा मुलगा नको. त्या सातवी शिकलेल्या आहेत, कागदावरचं वाचतात. एकट्या वाचू देत.

बुधवार, १९ नोव्हें.
पूजा केली. देवापुढे कागद ठेवला नाही, उगाच त्याच्यावर भार. स्पीड पोस्टाने पाठवलं, हे स्वतः गेले. पाकीट चिकटवायच्या आधी इथे उतरवून घेतलं, म्हणजे काय लिहिलं ते राहील.

"सौ. गौरीची आई" लिहिणार होते, पण ती अजून सौ. नाही. खोडलं.

ती. चंद्राबाईंना गौरीच्या आईचा सप्रेम नमस्कार.
तुम्ही आलात त्या दिवशी मी डोळे मिटून बसले, नीट हसलेही नाही. तुम्हाला वाईट वाटलं असेल. वासाचं वगैरे काही नव्हतं. मला अकरावीत असल्यापासून एक आजार आहे. दिवस कलला की माझ्या पापण्या पडतात, बोलणं बोबडं होतं, मान खाली जाते. मुहूर्ताला मी मान हलवली असं तुम्हाला वाटलं, ती हलवलेली नव्हती. गोळ्यांवर माझा संसार चांगला चालला आहे. सकाळी तुम्ही आलात तर मी वेगळीच बाई दिसेन.
गौरीला जन्मतः काही आठवडे त्याचा त्रास झाला, दूध ओढता येत नव्हतं. मग पूर्ण गेला. पुन्हा कधीच झाला नाही. डॉक्टर म्हणतात, असा तो आईकडून मुलीकडे जात नाही. पण पुढचं लेखी कुणी देत नाही. हे तुम्हाला लग्नाआधी कळायला हवं. हर्षलला माहीत होतं. आमच्या मानाखातर तो बोलला नाही, त्याला रागावू नये.
हे वाचून तुमचा विचार बदलला तर तसं कळवा. आमचा राग नाही. नाही बदलला तर माझं एक मागणं आहे. भांगाच्या दिवसांतली तारीख धरून लग्न सकाळी लावता येईल का? मला एकच मुलगी आहे. तिच्यावर अक्षता पडताना मला ती दिसावी, एवढंच.
हो असो वा नाही, दुसऱ्या कुणाजवळ निरोप देऊ नये. दोन ओळी तुमच्या हातच्या लिहून उलटटपाली पाठवाव्या. टपालवाला आमच्याकडे दुपारच्या आत येतो, तोवर मला वाचता येतं.