पाचवं पिवळं कार्ड

वाल्देरोसाल,
५ एप्रिल १९९४

चि. आबेलिनोस अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? त्याची चौकशी आधी, कारण आपल्या घराण्यात सगळ्यांत नाजूक जीव तोच. एल्विराची पाठ? नोएलियाचे पुढचे दात आले का? तुझ्या सासूबाई अजून जावयाला बिनकामाचा म्हणतात, की आता त्यांनाही कंटाळा आला? इकडे तुझी बेनितामामी ठणठणीत आहे आणि दिवसभर मला हाकते आहे.

माझं म्हणशील तर डोळे. डावा गेलाच होता, उजवाही उन्हाळ्यापर्यंतच, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. ओळीखाली पुठ्ठा धरून लिहायला जमतं, पण तुझी पत्रं मामीच वाचून दाखवते. गेल्या रविवारी मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या, तर मधलं वर्तुळ बटाट्यासारखं झालं. रेफरीने विचारलं, आजोबा, हे काय? म्हटलं, मधल्या फळीवाल्यांना जागा जास्त लागते.

आता मुद्द्याचं. पंधरा वर्षं तू खेळतोयस. नऊ संघ झाले, दोनदा वर चढलास, तीनदा खाली आलास. पण मोठा झाल्यावर आपल्या या मैदानावर एकदाही उतरला नाहीस. कधी तुझा गट वेगळा, कधी गुडघा. १ मे रोजी तुझा काबोरेयचा संघ इथे येतोय. मला तुला इथे खेळताना एकदा बघायचंय. पुढच्या वर्षी तू खेळत असशील नसशील, माझा डोळा तर नसेलच. दुसरं काही मागत नाही.

माया आहे तशी राहू दे.
तुझा सिप्रियानोमामा


काबोरेय,
१८ एप्रिल

ती. मामांस सा. न. वि. वि.

गुडघा सुजतो, पण पळतो. एल्विरा बरी आहे. नोएलियाचा एक दात आला, दुसरा वाटेत आहे. सासूबाई जिथल्या तिथेच आहेत.

तुमच्या रविवारची सोय काल करून टाकली. माझी चार पिवळी कार्डं झाली होती. पाचवं मिळालं की एक सामना बाहेर बसावं लागतं. ते चुकून २४ तारखेला मिळालं असतं, तर तुमचाच सामना हुकला असता. म्हणून कालच मागून घेतलं. २४ला बसेन, १ मेला मोकळा. जुने खेळाडू हेच करतात. समोरच्यांना फ्री किक मिळाली तेव्हा मी चेंडूपुढे उभा राहिलो आणि हललोच नाही. रेफरी जवळ येऊन म्हणाला, "आबेलिनो, नाटक तरी जरा बरं कर," आणि कार्ड काढलं. मी जवळजवळ आभारच मानले.

मामींना नमस्कार. तुमचा हात पाठीवर असू द्या.
आबेलिनो


वाल्देरोसाल,
२१ एप्रिल

चि. आबेलिनोस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचून घेतलं. रामिरोच्या बारमध्ये सगळ्यांना सांगून झालं. रामिरो म्हणतो, पंधरा वर्षांत भाच्याने डोक्याने केलेलं हे पहिलं काम. मामीने रविवारसाठी चणे निवडून ठेवलेत. माझी खुर्ची मधल्या रेघेजवळ ठेवणार आहेत, म्हणजे मान वळवून कडेने सगळं दिसेल. रोज सकाळी उजवा डोळा झाकून उघडून बघतो. आहे अजून.

ये लवकर.
सिप्रियानोमामा


काबोरेय,
२६ एप्रिल

ती. मामांस सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. मामी, हे त्यांना जरा सावकाश वाचून दाखवा.

शुक्रवारपासून इथे पाऊस धरला आणि मैदानाचं तळं झालं. आम्ही सगळे बादल्या घेऊन उतरलो, मी तर गुडघ्याला पिशवी बांधून. रविवारी दुपारी रेफरीने २४चा सामना पुढे ढकलला. आता तो चार मेला, बुधवारी. पण शिक्षा तारखेला चिकटलेली नसते, पुढे जो सामना होईल त्याला लागते. म्हणजे तुमच्याच. आमच्या अध्यक्षांनी फेडरेशनला तीनदा फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, नियम असाच आहे, मी काय करू? बरोबर आहे, त्या तरी काय करणार.

कार्ड मागून घेतलं नसतं तर १ मेला मी खेळलो असतो. माझ्या जागी, आठ नंबरच्या शर्टात, सान्तोस उतरेल. मी संघाबरोबर येईन, तुमच्या शेजारी बसेन. मला माफ करा.
आबेलिनो


वाल्देरोसाल,
२८ एप्रिल

चि. आबेलिनोस मामीचा आशीर्वाद.

हे पत्र मी तुझ्या मामांच्या माघारी लिहितेय. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. हातात धरलं आणि तोंडातून निघालं की तुझी तब्येत उत्तम आहे, रविवारी भेटू. आधी ठरवलं नव्हतं. ते तेव्हा नव्या शर्टाला बटणं लावत होते रे.

आता मागे फिरता येत नाही. कर्ण्यावर खेळाडूंची नावं रामिरोच पुकारतो. तो आठ नंबरला तुझं नाव घेईल. गावातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय. पाद्रीबाबाही हो म्हणाले, मात्र कबुलीजबाबाला ये म्हणाले. तू मामांजवळ बसू नकोस, कपडे बदलायच्या खोलीतच थांब. सामना संपला की केस ओले करून बाहेर ये.

चूक असेल तर ती माझी. मला दुसरं काही सुचलं नाही.
बेनितामामी


वाल्देरोसाल,
३ मे

चि. आबेलिनोस अनेक आशीर्वाद.

पोहोचलास ना नीट? तू चणे धड खाल्ले नाहीस म्हणून मामी अजून बोलतेय. उलट मलाच दोनदा जेवावंसं वाटत होतं.

रामिरोने तुझं नाव घेतलं तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या, पाहुण्या संघाच्या माणसाला. मी मान वळवून पूर्ण नव्वद मिनिटं तुझ्यावरच डोळा ठेवला. तू उंच दिसलास. कडेने बघितलं की माणूस ताणला जातो बहुधा. आणि डावा पाय कधी शिकलास? लहानपणी मी भिंतीसमोर उभं करून थकलो, तेव्हा तो पाय तुला नुसता टेकायला हवा असायचा. पस्तिसाव्या वर्षी शिकलास आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस. गुडघ्याचं तर नावच नाही, हरणासारखा पळत होतास. मी उगाच काळजी करायचो.

एकच गोष्ट राहिली. शेवटी शेवटी तू वर्तुळातून चेंडू पुढे दिलास आणि गोल झाला. चेंडू मला दिसला नाही. आपले लोक एकदम गप्प झाले, त्यावरून ओळखलं. मामीला विचारलं तर म्हणते, मला फुटबॉलमधलं काय कळतंय. रामिरो म्हणतो, ज्याने दिला त्यालाच विचारा.

म्हणून तुलाच विचारतो. तो पास कुणाला दिलास, कसा दिलास, देताना मनात काय होतं, सगळं सविस्तर लिही, काही गाळू नकोस. मामी वाचून दाखवेल. एकदा ऐकलं की मग माझ्याजवळ सगळा सामना राहील. रोज टपालवाल्याला थांबवतोय, तेव्हा लवकर लिही.

तुझा सिप्रियानोमामा